पाकीट, पत्र आणि २५०

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई रोज संध्याकाळी दार लावण्याआधी एक काम न चुकता करत. देवघेवीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवस बंद केला की ते एक साधी टेक्स्ट फाइल तयार करतं. तिच्यात मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी असते. बाई ती नोटपॅडमध्ये उघडत, सगळं निवडून कॉपी करत, मेलमध्ये चिकटवत आणि कार्यवाहांना पाठवत. एकदा घाईत आदल्या दिवशीचीच यादी गेली. कार्यवाहांनी त्यावरून एका आजोबांना फोन लावला. आजोबांनी पुस्तक सकाळीच परत केलं होतं. पुढचं संभाषण इथे देण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "अहो, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मग हे उघडा-उचला-चिकटवा माझ्याकडून कशाला करून घेता? त्यालाच सांगा की!"

त्याला सांगायला एक संध्याकाळ पुरेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात चार लागल्या. त्या कुठे गेल्या हे सांगितलं, तर असंच काही करू पाहणाऱ्याच्या तीन तरी वाचतील.

काम तसं तीन पायऱ्यांचं आहे. फाइल वाचायची, तिचं पत्र करायचं आणि ते टपालात टाकायचं. युनिक्स किंवा लिनक्स असेल तर हे एका ओळीत भागतं. 'मेल' ही आज्ञा लिहायची, तिच्यापुढे विषय आणि पत्ता, मग डावीकडे तोंड केलेला बाण आणि शेवटी फाइलचं नाव. बाणाच्या वाटेने फाइलमधला मजकूर आज्ञेच्या पोटात जातो आणि पत्राचा मजकूर होतो. ही आज्ञा १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहे. त्या वेळी पत्र त्याच यंत्रावर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला जायचं, म्हणजे शेजारच्या टेबलावर चिठ्ठी सरकवण्यासारखंच. आज ते गावाबाहेर न्यायचं तर त्या यंत्रावर टपाल पुढे पोचवणारा प्रोग्राम बसवून नीट लावलेला असावा लागतो. तो नसेल तर पत्र यंत्राच्याच एखाद्या कोपऱ्यात पडून राहतं. वाचनालयाचा संगणक तर विंडोजचा. म्हणून मी पायथन घेतलं. पत्र लिहिण्याचं आणि पाठवण्याचं सगळं सामान त्यात आधीपासून असतं, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. आज्ञांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. संगणकावर ती अर्थात रोमन अक्षरांतच टंकायची.

पहिली पायरी सर्वांत सोपी वाटते आणि माझी पहिली संध्याकाळ तिनेच खाल्ली. फाइल उघडून वाचायची एवढीच ओळ लिहिली, चालवली, आणि पायथनने हात वर केले. 'चारमॅप' नावाच्या कोडेकला पाचव्या स्थानावरचा ८१ हा बाइट उलगडत नाही, अशी तक्रार होती. (हा ८१ सोळाच्या पटीतल्या मोजणीतला आहे.) फाइलची पहिली ओळ होती 'मुदत संपलेली पुस्तके'. म्हणजे गाडी पहिल्याच 'मु'वर अडली होती.

कारण गमतीचं आहे, पण ते मराठी माणसालाच भेटतं. फाइलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'म'चे तीन, उकाराचे वेगळे तीन. बाइटची मोजणी शून्यापासून होते, म्हणून उकाराचा शेवटचा बाइट पाचव्या स्थानावर येतो आणि तो असतो ८१. आता विंडोजवरचं पायथन, पद्धत कोणती हे सांगितलं नाही, तर बरीच वर्षं यंत्राची जुनी पद्धत गृहीत धरत आलं आहे. आपल्याकडच्या इंग्रजीत लावलेल्या संगणकांवर ती बहुधा १२५२ क्रमांकाची, पश्चिम युरोपच्या भाषांसाठी केलेली असते. त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत. ऱ्हस्व उकार, ए, ऐ, झ आणि जोडाक्षरातला हलन्त यांचे शेवटचे बाइट नेमके त्याच रिकाम्या घरांवर पडतात. उकार, जोडाक्षर, ए किंवा झ यांच्याशिवाय मराठीची दोन वाक्यं लिहून दाखवा! म्हणजे मराठी फाइल इथे अडणारच.

मी घाईत एक चुकीचा उपाय केला. पद्धत म्हणून 'लॅटिन-१' लिहिलं की ही तक्रार बंद होते, असं कुठूनतरी डोक्यात होतं. खरंच बंद झाली, कारण लॅटिन-१ कुठल्याच बाइटला नाही म्हणत नाही. प्रत्येकाला काही ना काही चिन्ह देऊन मोकळं होतं. पत्र गेलं. तेही अजून हातानेच चिकटवून. कार्यवाहांच्या फोनवर डोक्यावर फराटा असलेले 'ए' ओळीने उभे होते आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह पेरलेलं. देवनागरीच्या बहुतेक मात्रा आणि सगळे अंक यांचा मधला बाइट ए-५ असतो आणि लॅटिन-१ मध्ये ए-५ म्हणजे येन. कार्यवाहांनी विचारलं, "दंड येनमध्ये घ्यायचा का?"

चूक दिसेनाशी करणं आणि चूक दुरुस्त करणं यांतला फरक मला कळायला हवा होता. खरा उपाय एका शब्दाचा. फाइल वाचणाऱ्या 'रीड-टेक्स्ट' या आज्ञेला ती कोणत्या पद्धतीत आहे ते स्पष्ट सांगायचं. मी 'यूटीएफ-८-सिग' लिहिलं. त्यातल्या 'सिग'चं कारण असं की काही विंडोज प्रोग्राम फाइलच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवतात. नोटपॅडही पूर्वी यूटीएफ-८ फाइल जतन करताना ती ठेवायचं. 'सिग' असेल तर खूण सापडली की काढली जाते, नसली तरी बिघडत नाही.

दुसरी पायरी पत्राची. पायथनमध्ये 'ईमेलमेसेज' नावाचं कोरं पत्र मिळतं. त्यावर पाठवणारा, घेणारा आणि विषय ही शीर्षकं भरायची आणि 'सेट-कंटेंट'ने फाइलमधला मजकूर आत ठेवायचा. संपलं. विषयात मी फाइलची पहिली ओळ जशीच्या तशी दिली, तेव्हा एक ठेच लागली. ओळीच्या शेवटी 'नवी ओळ' हे न दिसणारं चिन्ह असतं आणि ते शीर्षकात आलं की पायथन पत्र करायलाच नकार देतं. हा खडूसपणा नव्हे. शीर्षकं एकाखाली एक लिहिलेली असतात, त्यामुळे विषयातून नवी ओळ घुसवता आली तर कुणीही तिथे आणखी एक पत्ता घुसवू शकेल. 'स्ट्रिप' लावून ते शेपूट छाटायचं, की झालं.

फाइल जोडून का नाही पाठवली, असं काहींनी विचारलं. कार्यवाह पत्र फोनवर, बहुतेकदा रिक्षात बसून वाचतात. जोडलेली फाइल उतरवा, कशात उघडायची ते निवडा, मग तिथे अक्षरं नीट दिसतात का पाहा, एवढे सोपस्कार दहा ओळींच्या यादीसाठी कशाला? दहा ओळी असतील तर पत्रातच. पाचशे असतील तर फाइल जोडा.

पत्रात यादी ठेवताना मात्र रकान्यांचा मोह सोडावा लागला. मूळ फाइलमध्ये मोकळ्या जागा सोडून सभासदाचा क्रमांक आणि नाव, पुस्तक, तारीख असे सुबक रकाने होते. मेलमध्ये अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे रकाने दारू प्यायल्यासारखे झुलतात. देवनागरीत तर समान रुंदीचा फॉन्ट घेतला तरी जोडाक्षरं आणि मात्रा हिशेब बिघडवतात. मी रकाने मोडले आणि प्रत्येक पुस्तकाला एक ओळ दिली, मध्ये फक्त आडवी रेघ. सभासदांची नावंही काढली, क्रमांक तेवढे ठेवले. कोण काय वाचतं हे पत्रातून फिरायचं कारण नाही.

इथे पडद्याआड एक मोठं काम आपोआप होतं. ईमेल जन्मली तेव्हा तिला फक्त १२८ चिन्हं ठाऊक होती, तीही इंग्रजीच्या सोयीची. १९९२ मध्ये नेथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची व्यवस्था मांडली. तिच्यामुळे कुठलीही भाषा, चित्र किंवा आवाज त्या जुन्या चिन्हांच्या वेषात प्रवास करू शकतो. हा वेष दोन प्रकारचा. एकात प्रत्येक परक्या बाइटची तीन चिन्हं होतात. दुसऱ्यात, म्हणजे बेस-६४ मध्ये, तीन बाइटची मिळून चार. देवनागरीच्या एका चिन्हाचे बाइट तीन. म्हणजे पहिल्या वेषात एका 'म'ची ९ चिन्हं आणि दुसऱ्यात ४. इंग्रजीला पहिला वेष स्वस्त, मराठीला दुसरा. मराठी मजकुराच्या ओळी लांब असतील तर ईमेलमेसेज बहुधा बेस-६४ च निवडतो, आपण काही सांगायची गरज नसते. एखाद्या मराठी पत्राचा मूळ मजकूर उघडून पाहा. असा वेष चढवलेला असेल आणि पहिलं अक्षर देवनागरी असेल, तर सुरुवातीला '४केएस' दिसेल, तेही रोमनमध्ये. आपली सगळी मुळाक्षरं तिथे याच तीन चिन्हांनी सुरू होतात.

आता टपालपेटी. एसएमटीपी हा पत्रं देण्याघेण्याचा शिष्टाचार. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये तो लिहून काढला आणि त्याचा सांगाडा आजही तोच आहे. मला तो आवडतो, कारण तो माणसांसारखा बोलतो. पायथनचं 'एसएमटीपीलिब' आपल्या स्क्रिप्टच्या, म्हणजे या छोट्या प्रोग्रामच्या, वतीने सर्व्हरशी बोलतं. संभाषण साधारण असं होतं:

सर्व्हर: २२०. हजर आहे.
स्क्रिप्ट: एहलो. मी अमुक यंत्र.
सर्व्हर: २५०. या. मला हे हे येतं.
स्क्रिप्ट: मेल फ्रॉम, वाचनालयाचा पत्ता.
सर्व्हर: २५०.
स्क्रिप्ट: आरसीपीटी टू, कार्यवाहांचा पत्ता.
सर्व्हर: २५०.
स्क्रिप्ट: डेटा.
सर्व्हर: ३५४. बोला. संपलं की एका ओळीत नुसता टिंब द्या.
(इथे शीर्षकांसह सगळं पत्र जातं.)
स्क्रिप्ट: .
सर्व्हर: २५०. ठेवून घेतलं.
स्क्रिप्ट: क्विट.
सर्व्हर: २२१. या मग.

'सेट-डीबगलेव्हल' एकवर ठेवलं तर ही सगळी बोलणी पडद्यावर उमटतात. पहिल्यांदा स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ती एकदा तरी वाचावीत. पत्र का गेलं नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

नीट पाहिलं तर पत्ते दोनदा आले आहेत. एकदा 'मेल फ्रॉम' आणि 'आरसीपीटी टू'मध्ये, एकदा पत्राच्या आत. पहिले पाकिटावरचे, दुसरे पत्राच्या मायन्यातले. पोस्टमन पाकीट पाहतो, मायना नाही. गुप्त प्रत म्हणजे बीसीसी जमते ती यामुळेच. पत्ता पाकिटावर असतो, मायन्यात नसतो. 'सेंड-मेसेज' ही आज्ञा बीसीसीचा पत्ता पाकिटावर उतरवून पत्रातून गाळते. पत्र परत फिरलं तर ते येतं पाकिटावरच्या पाठवणाऱ्याकडे, म्हणून तो पत्ता कुणीतरी उघडून पाहणारा हवा.

आणि तो टिंब! मजकुराच्याच एखाद्या ओळीत नुसता टिंब असेल तर सर्व्हर पत्र संपलं असं समजेल. म्हणून टिंबाने सुरू होणाऱ्या ओळीला पाठवणारा आणखी एक टिंब चिकटवतो आणि घेणारा तो काढतो. एसएमटीपीलिब हे स्वतः करतं. बेस-६४ च्या चिन्हांत टिंब नाहीच, त्यामुळे त्या वेषातल्या मराठीला ही भीतीही नाही.

दाराचे क्रमांक थोडक्यात. २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधलं दार, घरच्या संगणकाने तिकडे जाऊ नये. तिथून थेट टाकलेलं पत्र बहुधा स्पॅममध्ये जातं किंवा दारातच अडतं. आपण ५८७ ने जायचं आणि 'स्टार्टटीएलएस' म्हणून संभाषण कुलूपबंद करायचं, किंवा ४६५ ने जायचं, जिथे कुलूप पहिल्या शब्दापासून असतं. कुलूप लागल्यावरच पासवर्ड द्यायचा. आणि 'टाइमआउट' ३० सेकंद तरी लिहा. तो न लिहिल्यास नेट अर्धवट तुटलं असताना स्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत तशीच बसून राहू शकते.

पासवर्डपाशी दुसरी संध्याकाळ गेली. वाचनालयाचं खातं जीमेलचं. नेहमीचा पासवर्ड दिला तर उत्तर आलं ५३५, म्हणजे ओळख पटली नाही. पासवर्ड बरोबर होता, पण गूगलने मे २०२२ अखेर वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलं आहे. आता खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची आणि मग १६ अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' मागून घ्यायचा. तो स्क्रिप्टमध्ये लिहू नका. स्क्रिप्ट कुणाला दाखवाल, कुणाला पाठवाल, आणि किल्लीही सोबत जाईल. मी तो संगणकाच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला, स्क्रिप्ट तिथून उचलते.

तिसऱ्या संध्याकाळी स्क्रिप्टचं पहिलं पत्र गेलं. शेवटचा २५० आला आणि मी स्क्रिप्टकडून 'पोचलं' असं पडद्यावर छापून घेतलं. तो शब्द चुकीचा होता. २५० म्हणजे पोस्टाच्या खिडकीवर पूर्वी मिळायची तशी रजिस्टरची पावती. सर्व्हर म्हणतो, पत्र माझ्या ताब्यात आलं, पुढची जबाबदारी माझी. ते कार्यवाहांच्या हातात पडलं असं तो म्हणत नाही. पत्र हातात पडल्याची पोचपावती इथे नसते. माझ्याकडून पत्त्यात एक अक्षर गळलं होतं. आपल्या सर्व्हरने तरीही २५० दिला, कारण त्याच्यापुरतं पाकीट नीट होतं. समोरच्या सर्व्हरने '५५०, असा कुणी इथे नाही' म्हटलं ते नंतर, आणि परत आलेलं पत्र वाचनालयाच्या खात्यात पडून होतं. चारशेच्या घरातलं उत्तर म्हणजे आता जमत नाही, थोड्या वेळाने या. पाचशेच्या घरातलं म्हणजे पुन्हा येऊ नका. एकाहून जास्त पत्ते असतील आणि सर्व्हरने त्यातले फक्त काही नाकारले, तर पायथन आरडाओरडा करत नाही. नाकारलेल्या पत्त्यांची यादी मुकाट्याने हातात देतं. ती यादी रिकामी आहे का, हे तपासण्याची ओळ आपणच लिहायची.

राहिलं रोज आपोआप चालवणं. विंडोजमध्ये टास्क शेड्युलर, लिनक्सवर क्रॉन. दोघांचा एक स्वभाव सारखा आहे. आपण ज्या फोल्डरमध्ये बसून स्क्रिप्ट चालवतो, तिथून ते ती चालवतीलच असं नाही. म्हणून फाइलचा पत्ता ड्राइव्हपासून पूर्ण लिहा. नुसतं नाव लिहिलंत तर हाताने चालवताना फाइल सापडेल आणि रात्री सापडणार नाही.

चौथी संध्याकाळ मात्र संगणकाची नव्हती. पावसात वीज गेली, त्या दिवशी सॉफ्टवेअरने यादी केलीच नाही. इन्व्हर्टरवर संगणक चालू झाल्यावर शेड्युलरने वेळेवर स्क्रिप्ट उठवली, तिला कालची फाइल दिसली आणि तिने ती इमानेइतबारे पाठवली. म्हणजे बाईंची जुनी चूक आता यंत्राने केली होती. फरक एवढाच की बाईंना ती निदान नंतर उमगली होती. तेव्हापासून स्क्रिप्ट आधी फाइल शेवटची कधी बदलली ते पाहते. तारीख आजची नसेल तर 'आज यादी तयार झाली नाही' असं पत्र जातं. फाइल आजची पण रिकामी असेल तर 'आज एकही पुस्तक थकीत नाही' असं. रोज काही ना काही पत्र गेलंच पाहिजे, हा नियम मी ठरवून घातला. ज्या दिवशी काहीच येणार नाही, त्या दिवशी कुठेतरी बिघाड आहे हे कार्यवाहांना न विचारता कळावं.

एक भोक तरीही राहिलं. मी वेळ लावली होती पावणेआठची. मी तिथे नसलो की बाई साडेसातला मेन स्विच बंद करून घरी जायच्या. बंद संगणकावर कुठलीच स्क्रिप्ट चालत नाही, आणि 'बिघाड आहे' हे पत्रही जात नाही. वेळ सात पंचवीस केली आणि घेणाऱ्यांत बाईंचाही पत्ता घातला. आता बाई दिवस बंद करतात, खिडक्या लावतात, पर्स खांद्याला अडकवून उभ्या राहतात. फोन वाजला, की मेन स्विच खाली ओढतात.